रविवारचा धूर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. लपवून उपयोग नाही, पुढे दिसणारच आहे. माझ्या माहेरी, जळगावला, सगळेच मोठ्याने बोलतात. आमच्याकडे ‘चहा घे’ हेसुद्धा भांडण काढल्यासारखं म्हणतात. त्यामुळे लग्न करून चेन्नईत आले तेव्हा सासरच्यांना वाटलं, मुलगी कायमच कशावरून तरी चिडलेली आहे. निम्म्या वेळा ते खरंही असायचं.

सासूबाईंना मी अम्मा म्हणते, कारण या घरात त्यांना सगळेच अम्मा म्हणतात. वय शहात्तर, उंची माझ्या खांद्याला, आणि आवाज इतका हळू की मिक्सर चालू असताना त्या काय म्हणाल्या हे फक्त मिक्सरला कळावं. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज इकडे आले तेव्हा जी मराठी सोबत आली ती त्यांनी तशीच जपून ठेवली आणि वरून तमिळची फोडणी घातली. ‘गं’ म्हणत नाहीत, ‘गे’ म्हणतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, “बैस गे. सावकाश बोल. तुझी मराठी फार पळते.” मी बसले. सावकाश बोलणं मात्र आजतागायत जमलेलं नाही.

अण्णा नगरात तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. अम्मा, मी आणि माझा नवरा, एवढेच तिघं. तो ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, आणि तीच सवय घरी घेऊन येतो. मी शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आणि तिथे मी आमच्या मजल्याची फायर वॉर्डन आहे.

ही पदवी मला कशी मिळाली? ज्या मीटिंगमध्ये निवड झाली त्या दिवशी मी रजेवर होते. बाकी पात्रता शून्य. पण नारिंगी जाकीट आलं, शिट्टी आली, ‘माझ्यामागे या’ असं लिहिलेली पाटी आली, आणि मला ते काम चक्क आवडायला लागलं. दर तीन महिन्यांनी भोंगा वाजतो आणि मी अख्ख्या मजल्याला जिन्याने खाली हाकते. लिफ्टकडे कुणी वळला तर त्याची खैर नाही. एक जण दरवेळी लॅपटॉप चार्जरसकट घेऊन उतरतो, एक जण अर्धवट खाल्लेला डोसा घेऊन उतरतो. मी शिट्टी फुंकते, ओरडते, आणि वर त्याबद्दल मला प्रमाणपत्र मिळतं. ओरडल्याबद्दल कौतुक झालेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

साहजिकच, ऑफिसातलं ज्ञान मी घरी आणलं. देवघराजवळचा पडदा काढायला लावला. एकाच प्लगमध्ये फ्रिज, मिक्सर आणि इस्त्री लावणाऱ्या नवऱ्याचा जाहीर अपमान केला. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, पंखा लावायचा नाही, आधी रेग्युलेटर बंद, मग खिडक्या उघड्या, हे मी अम्मांकडून पाठ करून घेतलं. त्या बिचाऱ्या शाळेतल्या मुलीसारख्या म्हणून दाखवायच्या. मग मी धूर दिसला की कोकलणारं एक यंत्र आणून स्वयंपाकघराच्या छताला लावलं आणि एक छोटं लाल अग्निशामक सिलिंडर आणलं. ते आलं नेमकं आयुधपूजेच्या आठवड्यात. इकडे त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हत्याराला गंध-कुंकू लागतं, सुरीपासून स्कूटरपर्यंत. अम्मांनी त्या लाल नळकांड्याला चंदन लावलं, कुंकू लावलं, जाईचा गजरा घातला आणि सरस्वतीच्या फोटोशेजारी बसवलं. पूजा झाली, फोटो जागेवर गेला, नळकांडं देवघरातच राहिलं. तिथून हलवायचं माझ्या अनेकदा मनात आलं, पण गजरा रोज नवा असायचा.

अम्मांना माझ्या या पदाचा भलताच अभिमान. शेजारणींना तमिळमध्ये सांगायच्या की माझी सून फायर ऑफिसर आहे. वॉर्डन आणि ऑफिसरमधला फरक मी एकदा समजावायला गेले, तर म्हणाल्या, “असू दे गे. त्यांस काय ठाव.” मीही मग असू दिलं. खरं तर मला गुदगुल्याच होत होत्या.

आता स्वयंपाकघराचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथेच घडलं. सोमवार ते शनिवार स्वयंपाकघर अम्मांचं. पहाटे कॉफीचा फिल्टर, मग सांबार, मग रसम, मग एखादी सुकी भाजी. एकटीने, कुणाची लुडबुड नको. रविवार माझा. त्या दिवशी मी माझ्या खानदेशी मसाल्याची भाजी करते, आणि तो मसाला म्हणजे काय हे इकडच्या माणसाला सांगून पटत नाही. कांदे अख्खे गॅसच्या जाळावर ठेवायचे, पार काळे होईपर्यंत. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून जाळावर न्यायची, तर त्या वाटीला खरोखरीची आग लागते. लागू द्यायची. मग फुंकून विझवायची. घरभर धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि भाजीला जी चव येते तिला तोड नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी मी अशी पेटलेली वाटी धरून उभी असताना अम्मा दारात आल्या, “अय्यय्यो!” म्हणाल्या आणि हातातलं तांब्याभर पाणी त्यांनी वाटीवर, कांद्यांवर, गॅसवर आणि माझ्यावर ओतलं. सूनबाई वाचली म्हणून त्या देवाचे आभार मानत होत्या. आणि मी? तळपायाची आग मस्तकात गेली. कांदे वाया, खोबरं वाया, नवीन कुर्ता वाया. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, पण खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला एवढं सांगते. शेवटी मी म्हणाले, “अम्मा, रविवारी या स्वयंपाकघरात धूर दिसला, जाळ दिसला, काहीही दिसलं तरी तुम्ही आत यायचं नाही. कळलं?”

त्या म्हणाल्या, “बरें.”

आणि त्यांनी ते पाळलं. रविवारी त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसायच्या, टीव्ही लावायच्या, आणि आतून धुराचे लोट आले तरी नाकाला पदर लावून शांत बसून राहायच्या. पाणी हवं असलं तर मला हाक मारायच्या. उंबरा म्हणून ओलांडायच्या नाहीत. मी मैत्रिणींना हसत हसत सांगायचे की आमच्याकडे तह झालाय. छताला लावलेलं यंत्र मात्र तह मानेना. दर रविवारी माझ्या मसाल्यावर ते असं किंचाळायचं की एक दिवस मी स्टुलावर चढून त्यातला सेलच काढून टाकला. हो, मीच. फायर वॉर्डनने.

इकडे नवऱ्याचं वेगळंच चाललं होतं. त्याला अम्मांची काळजी वाटायला लागली होती. तमिळ घरांमध्ये रसमसाठी कथलाचा चोंबू असतो. त्यात केलेल्या रसमची चव वेगळीच, पण तो रिकामा जाळावर ठेवला तर मेणासारखा वितळतो. अम्मांनी पन्नास वर्षं त्यात रसम केलं, आणि एके सकाळी कुणाचा तरी फोन आला म्हणून पाणी घालायच्या आधीच गॅस लावला. चोंबू पाच मिनिटांत बसकण मारून बर्नरवर पसरला. अम्मा रडल्या. नंतर एकदा दूध करपलं. एवढंच. पण माझ्या नवऱ्याने मनात नोंद ठेवली, आणि रोज जेवताना विषय काढायला लागला की अम्माला आता इंडक्शनची शेगडी आणू, घरात जाळच नको.

अम्मा पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्यांदा गप्प बसल्या. तिसऱ्यांदा त्यांनी मला एकटीला गाठून विचारलं, “गॅस नेला की मी या घरात काय करायचं गे? पाहुणीसारखं बसायचं?” त्यांची बरीचशी भांडी पितळेची आणि अॅल्युमिनियमची, ती त्या शेगडीवर चालणार नव्हती. त्यांची बोटं जाळ बघून चालायची, आकडे बघून नाही. आणि दिवसभरात त्यांची म्हणावी अशी एवढी एकच जागा होती. मी छातीवर हात ठेवून म्हणाले, “अम्मा, मी असताना कोण नेतोय तुमचा गॅस, बघतेच.” नवऱ्याला मी बजावलं, आणि तोही म्हणाला, ठीक आहे, पण आणखी एक चूक झाली तर मात्र बास.

म्हणजे सगळं एका चुकीवर येऊन ठेपलं होतं. ती चूक झाली, एका रविवारी.

त्या रविवारी मला कुरडया तळायच्या होत्या. आईने जळगावहून पाठवलेल्या. कुरडईला तेल कडकडीत लागतं, नाहीतर ती फुलत नाही. कढईत तेल ओतलं, गॅस मोठा केला, आणि तेवढ्यात आठवलं की ऑफिसची मीटिंग आहे. रविवारी? हो, रविवारी. आमच्या अॅडमिनवाल्यांना सुट्टी दिसली की मीटिंग सुचते. खोटं वाटेल, पण ती मीटिंग दुसऱ्या दिवशीच्या फायर ड्रिलची होती. म्हटलं, दोन मिनिटं हजेरी लावू, तोवर तेल तापेल. बेडरूममध्ये गेले, दार लावलं, लॅपटॉप उघडला. आणि तिथे वाद पेटला की पाटी कुणी धरायची. पाटी मीच धरते! तीन वर्षं मीच धरतेय! मी हिरिरीने भांडायला लागले. तेल डोक्यातून साफ गेलं.

नवरा केस कापायला गेला होता. अम्मा हॉलमध्ये टीव्हीसमोर.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला खोकला आला म्हणून माइक म्यूट केला, वाटलं खिडकीतून कुणी कचरा जाळतंय. मग दाराखालून धूर दिसला. दार उघडून धावले. स्वयंपाकघराच्या दारातून नारिंगी उजेड हलत होता. कढईतून हातभर उंच ज्वाळा, वरचं कपाट काळं पडत चाललेलं, आणि त्या सगळ्यासमोर माझ्या खांद्याएवढ्या उंचीच्या अम्मा.

आता प्रशिक्षित फायर वॉर्डनने काय केलं असेल? देवघरातलं नळकांडं? आठवलंसुद्धा नाही. शिट्टी? ती ऑफिसच्या बॅगेत. मी पाण्याच्या कॅनखालचा भरलेला तांब्या उचलला आणि जळत्या तेलावर ओतायला हात मागे घेतला. जे करू नका, करू नका म्हणून मी चित्र दाखवून लोकांना सांगते, नेमकं तेच.

“पाणी नको!”

तो आवाज अम्मांचा होता यावर माझा अजून विश्वास बसत नाही. इतक्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता. त्यांनी कोपराने मला असं ढकललं की तांब्या हातातून उडून हॉलमध्ये टीव्हीखाली गेला. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, बाजूने हात घालून गॅसचा खटका बंद केला, ओट्यावरची मोठी परात उचलली, ती आपल्यापुढे आडवी धरली आणि आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर ठेवून दिली. कडेने दोन-चार जिभा बाहेर आल्या. मग त्याही आत गेल्या. बस, एवढंच. कढईला त्यांनी हातसुद्धा लावला नाही, उचलून मोरीत नेण्याचा वेडेपणा केला नाही.

मी पुढे होऊन परात उचलून बघायला गेले. अम्मांनी माझ्या हातावर फाडकन चापट मारली. “उघडू नको! वारा लागला की परत पेटतंय. गार होऊ दे.” मग खाली वाकून त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद केला.

आम्ही दोघी तशाच उभ्या. आतून लॅपटॉपमधून कुणीतरी विचारत होतं की मॅडम, ऐकू येतंय का, तुम्ही म्यूटवर आहात. देवाची कृपा, मी म्यूटवर होते.

मग माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. लालभडक झालं होतं. अम्मा म्हणाल्या, फ्रिजमधलं इडलीचं पीठ आण, लावू. तेव्हा कुठे माझ्यातली वॉर्डन जागी झाली. पीठ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. त्यांच्या हातातली बांगडी सुजायच्या आत काढली आणि हात नळाखाली धरला. वीस मिनिटं. त्या म्हणत होत्या, पाणी वाया जातंय गे, चेन्नईत राहतेस. मी म्हणाले, जाऊ दे. त्या एका गोष्टीत तेवढं माझं ज्ञान कामाला आलं.

आम्ही अशा नळाशी उभ्या असतानाच नवरा आला. केस कापलेले, मानेवर पावडर. त्याने काळं कपाट पाहिलं, परात पाहिली, आणि नळाखालचा आईचा भाजलेला हात पाहिला. हात तिचा, म्हणजे चूक तिची. क्वालिटी खात्यातला माणूस, आणि एवढी घाईची तपासणी!

“अम्मा,” तो म्हणाला, “झालं ना शेवटी? मी सांगत होतो.”

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं. पण अम्मांनी माझ्याकडे पाहिलं, भाजलेला हात नळाखालीच ठेवून, लहान लेकराला म्हणावं तसं म्हणाल्या, “हो रे कन्ना. चुकलं माझं.”

आणि मी तोंड मिटलं.

का मिटलं? लाज वाटली, दुसरं काय. फायर ऑफिसर सून. क्षणभर वाटलं, आत्ता गोंधळ नको, संध्याकाळी शांतपणे सांगू. संध्याकाळी वाटलं, उद्या सांगू. एकदा वेळ गेली की प्रत्येक तासाला सांगणं आणखी अवघड होतं, हे ज्याने असं काही लपवलंय त्याला मी सांगायला नको. त्याच संध्याकाळी माझ्यासमोर इंडक्शनची ऑर्डर दिली गेली. अम्मांना मी स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, “अम्मा, असं कशाला बोललात?” तर त्या म्हणाल्या, “तो तुज हसला असता गे. आणि ऑफिसात कळलं असतं तर?” म्हणजे माझी अब्रू वाचवायला त्यांनी स्वतःचा गॅस दिला, आणि मी तो घेतला. घेतला! लिहितानाही मला माझी चीड येते.

सोमवारी ऑफिसात ड्रिल झाली. शिकवायला आलेल्या माणसाने विचारलं, कढईतलं तेल पेटलं तर काय कराल? मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. गॅस बंद, वर झाकण, पाणी अजिबात नाही, झाकण उघडायचं नाही. टाळ्या पडल्या. तो म्हणाला, उत्तर अगदी अनुभवी माणसाचं आहे. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण मजला आठवा होता.

मंगळवारी इंडक्शन आलं. काळं, गुळगुळीत, हात लावला की टींव करणारं. अम्मा त्याला तर्जनीने लांबूनच टोचायच्या. कॉफीचं दूध उतू गेलं, सांबार तळाला लागलं. पितळेचं पातेलं ठेवलं तर ते नुसतंच टींव टींव करून बंद पडायचं. नवरा समजावायला जायचा, “बघ अम्मा, किती सेफ आहे.” त्या मान हलवायच्या. बुधवारी त्यांनी रसम केलंच नाही. रविवार सोडले तर लग्नानंतर मी त्या घरात रसमशिवाय जेवले तो पहिला दिवस. त्या जेवून हॉलमध्ये जाऊन बसल्या, टीव्ही न लावता. पाहुणीसारख्या. मी ताट धुताना रडले आणि नळाचा आवाज मोठा ठेवला, पण बोलले मात्र नाही.

गुरुवारी संध्याकाळी शेगडी न्यायला दुरुस्तीवाला आला. ओळखीचाच, पन्नाशीचा माणूस, वर्षानुवर्षं आमचे बर्नर साफ करणारा. नवऱ्याने त्याला शेगडी देऊन टाकायचं ठरवलं होतं. अम्मांनी सकाळपासून ती चिंचेने घासून लख्ख केली होती, बटणांच्या खाचा काडीने कोरल्या होत्या, आणि जाताना मुलीच्या कपाळाला लावावं तसं तिला कुंकू लावलं होतं. दुरुस्तीवाला खाली बसून पाइपची क्लिप सोडवायला लागला. अम्मांनी त्याला कॉफी आणून दिली आणि तमिळमध्ये म्हणाल्या, माफ करा, या नव्या शेगडीवर मला नीट जमत नाही अजून. पन्नास वर्षं ज्या बाईच्या कॉफीला कुणी नाव ठेवलं नाही, ती गॅस दुरुस्त करणाऱ्याची माफी मागत होती.

“थांबा!” मी ओरडले. माझा ठेवणीतला, ड्रिलमधला आवाज. दुरुस्तीवाल्याची कॉफी सांडली.

“तेल मी ठेवलं होतं,” मी नवऱ्याला म्हणाले. “मी. रविवारी. कुरडयांसाठी. आणि मीटिंगमध्ये जाऊन भांडत बसले. अम्मांनी आग विझवली. मी तर तिच्यावर पाणी ओतत होते. अम्मा खोटं बोलल्या, आणि मी पाच दिवस ते चालू दिलं.”

नवरा आधी हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला, आणि मग चिडला, जसा तो क्वचितच चिडतो, आवाज न चढवता. त्यांच्या कारखान्यात काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे, शेवटच्या ‘का’ला खरं कारण सापडतं म्हणे. रविवारी आईला त्याने एकही ‘का’ विचारला नव्हता. आता त्याने खुर्ची ओढली आणि सुरुवात केली.

“तेल का पेटलं?”

“मी मोठ्या गॅसवर सोडून गेले म्हणून.”

“तुला कळलं का नाही?”

“दार लावलं होतं.”

“छतावरचं यंत्र का वाजलं नाही?”

“त्यातला सेल मी काढला.” हे म्हणताना माझा आवाज जवळजवळ अम्मांएवढा झाला होता. “मसाल्याच्या धुराने सारखं वाजायचं म्हणून.”

त्याने डोळे मिटून घेतले. मग तो अम्मांकडे वळला. “अम्मा, तू हॉलमध्येच होतीस ना? स्वयंपाकघर दहा पावलांवर. तुला धूर दिसला नाही?”

“दिसला की.”

“मग ज्वाळा येईपर्यंत का थांबलीस? लगेच आत का नाही गेलीस?”

अम्मा साडीचा काठ दोन बोटांत धरून सारखा करत राहिल्या. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, “अम्मा, सांगा ना, तुम्हाला वाटलं असेल मी मसाला भाजतेय.” मला वाटलं, मी त्यांना मदत करतेय.

“नाही गे,” त्या हळूच म्हणाल्या. “तेलाचा धूर मज कळत नाही होय? त्यास वासच वेगळा.” मग मुलाकडे बघून, तक्रार केल्यासारखं मुळीच नाही, अगदी साधं कारण सांगितल्यासारखं म्हणाल्या, “हाक मारली, तिज ऐकूं आली नाही. रविवार होता रे. आत गेलें असतें तर ती ओरडली असती.”

दुरुस्तीवाल्याला मराठी येत नव्हती, पण तोही पाना हातात धरून थांबला.

मला आतापर्यंत वाटत होतं की माझा गुन्हा म्हणजे तेल, किंवा गप्प बसणं. लोकांना मी सांगत फिरत होते की आगीच्या वेळी माणूस का थिजतो, घाबरून, गोंधळून, वय झाल्यामुळे. माझ्या घरातली बाई थिजली नव्हती. तिला सगळं कळत होतं, काय करायचं तेही ठाऊक होतं, आणि तरी ती पेटत्या तेलापासून दहा पावलांवर थांबली होती, कारण आगीपेक्षा तिला माझी भीती जास्त होती. तो तह मी मैत्रिणींना हसून सांगायचे. कसला तह! मी हुकूम दिला होता आणि त्यांनी तो जिवावर उदार होऊन पाळला होता.

नवऱ्याने पाचवा ‘का’ विचारला नाही. दुरुस्तीवाल्याने तमिळमध्ये विचारलं, नेऊ की राहू देऊ? नवऱ्याने हातानेच सांगितलं, राहू दे, परत जोड.

तो पाइप घट्ट करत असताना मी अम्मांजवळ खाली फरशीवर बसले. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. “अम्मा, किती वेळ थांबला होतात?”

त्यांनी जरा विचार केला. हिशेब चुकायला नको म्हणून मनातल्या मनात मोजलंसुद्धा.

“तीनदा उठलें गे,” त्या म्हणाल्या, “आणि तीनदा परत बसलें.”

मला त्यांची माफी मागायची होती. हळू आवाजात, सावकाश, त्यांना समजेल अशी. पण माझा आवाजच फुटेना, आणि त्या घाबरून मला विचारत राहिल्या, “काय जाहलं गे? मी काही चुकीचं बोललें काय?”